‘रुळला का?’ विचारण्याआधी : आळंदीहून परत आलेली मुलं कुठे शोधायची?

वाशीची आहे म्हटलं की पुण्यात समोरचा हटकून विचारतो, “नवी मुंबईतली का?” नाही हो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. बालाघाटाच्या रांगेतलं तालुक्याचं गाव. आसपास सोयाबीनची रानं, खव्याच्या भट्ट्या, जवळच फटाक्यांचं तेरखेडा. आणि दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास स्टँडवर दिसणारं एक दृश्य : दहा-बारा वर्षांचं एक पोरगं, हातात पत्र्याची पेटी, कपाळाला गंध, गळ्यात नवी कोरी तुळशीची माळ. सोबत बाप किंवा मामा. पोरगं आळंदीला चाललेलं असतं, वारकरी शिक्षण घ्यायला. आई एसटीच्या खिडकीशी उभी असते.

आठ-पंधरा दिवसांनी गल्लीत कुणीतरी त्या आईला विचारतंच, “लेकराला करमतंय का तिकडं?”

माझ्या पीएचडीचा विषय या प्रश्नातून निघाला. घर सोडून कडक शिस्तीच्या धार्मिक शिक्षणाच्या जागी गेलेलं मूल तिथं कसं रुळतं? तुमच्यापैकी बरेच जण पेट नंतर संशोधन आराखडा लिहायच्या तयारीत असतील, म्हणून माझा पहिला आराखडा कशामुळे परत आला ते आधी सांगते. मी वीस पानं लिहिली होती. मार्गदर्शकांनी शेवटच्या पानावर पेन्सिलनं एकच ओळ लिहून दिली : “जे रुळले नाहीत ते तुम्हाला आळंदीत कसे भेटणार?”

मला आधी वाटलं, ही किरकोळ सूचना आहे, एखादा परिच्छेद वाढवला की झालं. प्रत्यक्षात त्या ओळीनं अख्खा आराखडा मोडला. तो का मोडला आणि नवा कसा उभा राहिला, हेच आज सांगणार आहे. तुमचा विषय वेगळा असेल, पण अडचण बहुतेक हीच असेल.

आधी थोडं आळंदीबद्दल

पूर्वी कीर्तन शिकायचं म्हणजे फडावर किंवा एखाद्या महाराजांच्या सोबत राहून, ऐकून ऐकून शिकायचं. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि या शिक्षणाला ठरलेला अभ्यासक्रम आणि ठरलेली मुदत आली. चार वर्षं, फी नाही, पोटापाण्यासाठी माधुकरी. म्हणजे झोळी घेऊन घरोघर जायचं आणि मिळेल ते अन्न आणायचं. जोगमहाराज १९२० मध्ये गेले. सोनोपंत दांडेकर, बंकटस्वामी अशा त्यांच्या शिष्यांनी पुढे संस्था सांभाळली.

ती संस्था आजही आहे. पण आता आळंदीत तिच्याखेरीज इतरही पुष्कळ लहानमोठ्या खाजगी निवासी संस्था आहेत. वयानं मोठे विद्यार्थी असतात, तशी पाचवी-सहावीतली मुलंही असतात. बऱ्याच ठिकाणी मुलं दिवसा गावातल्या शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ सांप्रदायिक शिक्षण घेतात. पहाटे उठणं, थंड पाण्यानं आंघोळ, काकडा, पाठांतर, संध्याकाळी हरिपाठ. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, तुकोबांचे साडेचार हजारांच्या आसपास अभंग, शिवाय एकनाथी भागवत, गीता, विचारसागर. पखवाज, टाळ, पावली आणि अभंगांच्या चाली वेगळ्याच. सगळं सगळ्यांना येत नाही, पण डोंगर केवढा आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

मुलं का येतात, किंवा पाठवली का जातात, याचं एकच उत्तर नाही. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या वारी असते. काहींना कीर्तनकाराला मिळणारा मान दिसतो, आणि सप्ताहांच्या हंगामातली त्याची कमाईही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. नवरा-बायको सहा महिने कारखान्यावर, मग पोराला ठेवायचं कुठं? आळंदीत दोन वेळचं जेवण, वळण आणि चार लोकांत सांगण्यासारखं शिक्षण मिळतं, हा विचार त्या घराला पुरेसा असतो. संशोधकानं ‘श्रद्धेपोटी’ एवढंच लिहून मोकळं होऊ नये आणि ‘गरिबीपोटी’ एवढंच लिहूनही नाही.

गॉफमन काय सांगतो, आणि कुठे थांबतो

अशा जागांचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिलं पुस्तक हाती येतं ते अर्व्हिंग गॉफमनचं ‘असायलम्स’ (१९६१). गॉफमननं वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात १९५५-५६ मध्ये वर्षभर क्षेत्रकार्य केलं आणि ‘समग्र संस्था’ ही संकल्पना मांडली. आपण साधारणपणे झोपतो एका ठिकाणी, काम करतो दुसऱ्या ठिकाणी आणि मोकळा वेळ घालवतो तिसऱ्याच ठिकाणी. समग्र संस्थेत या तिन्हीमधल्या भिंती पडतात. एकाच छताखाली, एकाच सत्तेच्या देखरेखीत, तीच माणसं, तेच वेळापत्रक. तुरुंग, छावणी, मनोरुग्णालय, निवासी शाळा, मठ, ही सगळी त्याची उदाहरणं.

नवा माणूस आत आला की त्याचं जुनं ‘मी’पण छाटलं जातं, असं गॉफमन म्हणतो. कपडे बदलतात, केस कापले जातात, सामान काढून घेतलं जातं, नाव मागे पडतं. आळंदीला हे लावून बघा. जीन्स जाऊन धोतर-सदरा येतो, डोकं भादरलं जातं, शेंडी राहते, मोबाइल नाही. आणि गल्लीतला गण्या एका दिवसात ‘माउली’ होतो. तिथं सगळेच माउली.

मग माणूस तिथं जुळवून कसं घेतो? गॉफमन चार तऱ्हा सांगतो. एक, मिटून घेणं : कशात लक्ष नाही, कुणाशी बोलणं नाही. दुसरी, अडून बसणं : मुद्दाम नियम मोडणं. तिसरी, तिथंच घर करून राहणं : जे मिळतंय त्यात समाधान मानणं. चौथी, पुरता त्यातलाच होऊन जाणं : संस्थेला हवा तसा माणूस आपणच असल्यासारखं वागणं. आणि बहुतेक लोक यातलं कुठलंच एक धरत नाहीत. वेळ बघून थोडं हे, थोडं ते करत, अंगाला फारसं न लावून घेता दिवस काढतात.

ही यादी वाचून मी खूश झाले होते. आळंदीला जायचं, मुलं या खणांत बसवायची, प्रबंध तयार. पण यादी पुन्हा वाचा. त्यात ‘निघून जाणं’ नाही. कारण सोपं आहे. मनोरुग्णालयाला कुलूप होतं, तुरुंगालाही असतं. जिथून निघता येत नाही अशा जागांवरून तयार झालेली ही यादी आहे. आळंदीतल्या मुलाला देहू फाट्यावर गाडी मिळते. रात्री पेटी तिथंच सोडून निघालेली मुलं आमच्या तालुक्यात मला माहीत आहेत. जिथं दार उघडं आहे तिथं ‘रुळणं’ या शब्दाचा अर्थच बदलतो, कारण आत राहिलेला प्रत्येक जण हा न गेलेला माणूस असतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथं एक सवय लावून घ्यावी. सिद्धान्त वापरण्याआधी तो कुठल्या जागेवर जन्मला ते बघायचं, आणि आपल्या जागेत काय वेगळं आहे ते एका ओळीत लिहून काढायचं.

प्रोव्होची तुलना

तुलनेसाठी मी निवडलेली दुसरी जागा अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो इथं आहे : मॉर्मन पंथाचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र. जगभर धर्मप्रसाराला निघणारी तरुण मुलंमुली आधी काही आठवडे अशा केंद्रात राहतात. ज्यांना परभाषा शिकायची असते ती जास्त आठवडे राहतात. छातीवर नावाची पट्टी असते. पहिलं नाव वापरायचं नाही, आडनावाआधी मुलाला ‘एल्डर’ आणि मुलीला ‘सिस्टर’ लावायचं. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि सतत त्याच्या सोबत राहायचं असतं. दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आखलेला. पूर्वी घरी फोन करायला वर्षातून फक्त दोन वेळा परवानगी होती, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो.

वरवर बघितलं तर किती सारखं आहे! नवं नाव, नवा वेश, पहाटेचं वेळापत्रक, पाठांतर, घराची आठवण. मी पहिल्या आराखड्यात सारखेपणाचा असा एक लांबलचक तक्ताच केला होता. पण तुलनेत सारखेपणापेक्षा फरक जास्त शिकवतो. प्रोव्होला जाणारी मुलं साधारण १८-१९ वर्षांची, म्हणजे कायद्यानं सज्ञान. त्यांच्यावरही घरचं, समाजाचं दडपण असतंच, पण अर्ज ती स्वतः करतात. आळंदीला जाणारं सहावीतलं पोरगं अर्ज करत नाही, त्याला पाठवलं जातं. प्रोव्होचा मुक्काम आठवड्यांचा असतो आणि खरं काम पुढे बाहेर असतं. आळंदीचा मुक्काम वर्षांचा, आणि तिथं राहणं हाच शिक्षणाचा भाग.

म्हणून कुठल्याही दोन संस्थांची तुलना करताना निदान तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहा : वय काय, मुदत किती, आणि यायचं कुणी ठरवलं. माझ्या पहिल्या तक्त्यात पंधरा रकाने होते आणि हे तीन नव्हते.

न दिसणारी माणसं

आता मार्गदर्शकांच्या त्या पेन्सिलच्या ओळीकडे येऊ. संख्याशास्त्रात या चुकीला नाव आहे : टिकलेल्यांचा पूर्वग्रह. जे टिकले तेच समोर दिसतात, आणि आपण त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलतो.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण अब्राहम वाल्डचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात तो अमेरिकन लष्करासाठी काम करत होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्या कुठे लागल्या आहेत ते मोजता येत होतं. वाल्डचं काम होतं त्यावरून न परतलेल्या विमानांबद्दल अनुमान काढण्याचं. परतलेल्या विमानाच्या ज्या भागावर खुणा कमी, तिथं गोळ्या लागत नसतील असं नाही. तिथं लागल्यावर विमान परतत नसेल, हीही शक्यता धरायला हवी. (हाच वाल्ड १९५० साली भारतात व्याख्यानांसाठी आला असताना निलगिरीत विमान अपघातात गेला.)

आमच्या विषयात गंमत उलटी आहे. वाल्डला न परतलेली विमानं दिसत नव्हती. मला आळंदीत बसून परतलेली मुलं दिसली नसती.

धार्मिक संस्थांच्या अभ्यासात हा प्रश्न आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी फार नेटानं हाताळला. ‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ हे त्यांचं पुस्तक १९८४ चं. त्या काळी युनिफिकेशन चर्च या नव्या पंथाबद्दल युरोप-अमेरिकेत मोठी भीती होती की तो तरुणांची डोकी धुतो. बार्करबाईंनी पंथात असलेल्यांच्या मुलाखती घेतल्याच, पण आणखी एक काम केलं. पंथाच्या प्राथमिक शिबिरांना आलेले सगळे मोजले, आणि त्यातले पुढे किती राहिले ते बघितलं. शंभरातले नव्वदहून अधिक जण पंथात गेलेच नाहीत. डोकी धुण्याचं तंत्र एवढं जबरदस्त असतं तर हे कसं झालं असतं? फक्त आत राहिलेल्यांना विचारलं असतं तर हा प्रश्न उभाच राहिला नसता.

प्रोव्होच्या बाजूनंही असा अभ्यास आहे. मुदत पुरी होण्याआधी घरी परतलेल्या मॉर्मन मिशनऱ्यांवर युटा व्हॅली विद्यापीठातल्या क्रिस्टीन डोटी यांनी काम केलं. त्यांच्याशी बोललेल्यांपैकी बहुसंख्यांनी अपयशाची भावना सांगितली. म्हणजे केंद्रात काय घडलं याच्याइतकंच महत्त्वाचं होतं ते परतल्यावर घरात आणि वस्तीत काय घडलं.

हे वाचल्यावर माझी क्षेत्रकार्याची जागा बदलली. शिवाय मुलांच्या वसतिगृहात मुक्काम करून निरीक्षण करणं मला बाई म्हणून शक्य नव्हतंच, आणि ती उणीव कशी झाकायची या चिंतेत मी होते. आता लक्षात आलं की अर्धा विषय आमच्या वाशीतच बसलाय. पारावर, किराणा दुकानात, खव्याच्या भट्टीवर.

रुळणं आणि करमणं

वाशीत बोलायला लागल्यावर पहिला धडा भाषेचा मिळाला. इंग्रजी पुस्तकांत ज्याला एकच शब्द आहे त्याला आमच्याकडे दोन आहेत. संस्थेतले महाराज फोनवर सांगतात, “पोरगं रुळलं.” आई विचारते, “करमतंय का?” रुळलं म्हणजे पहाटे उठतं, हरिपाठाला उभं राहतं, पाठांतर देतं. ते बाहेरून दिसतं. करमतंय म्हणजे मन लागलंय, आणि ते त्यालाच ठाऊक.

मूल करमत नसताना रुळू शकतं. हीच मुलं गॉफमनच्या दिवस काढणाऱ्या गटातली. आणि उलटंही होतं. एका मुलाला तिथं फार आवडायचं, मृदंग तर जीव की प्राण, पण पहाटे उठणं काही जमलं नाही. रोज शिक्षा होऊ लागली, शेवटी घरच्यांनी परत आणलं. त्याला करमत होतं, तो रुळला नाही. मी एकच प्रश्नावली घेऊन गेले असते तर हे दोघेही चुकीच्या खणात पडले असते.

तुमच्या विषयातल्या मूळ संकल्पनेला लोकांच्या बोलण्यात किती शब्द आहेत ते आधी मोजा. जिथं लोकांकडे दोन शब्द आहेत तिथं बहुतेकदा गोष्टीही दोन असतात.

परत येण्याची कारणं, आणि विचारण्याची पद्धत

सुरुवातीला मी सरळ विचारायचे, “परत का आलास?” उत्तरं एका साच्यातली यायची. “तब्येत बरी नव्हती.” “घरी काम होतं.” हा प्रश्न ऐकणाऱ्याला आरोपासारखा लागतो, आणि आरोपाला माणूस बचाव देतो. गल्लीत तो बचाव दहा वेळा देऊन गुळगुळीत झालेला असतो. मलाही तोच मिळत होता.

मग प्रश्न बदलला. “तिथला एक दिवस सांग, उठल्यापासून.” हळूहळू गोष्टी बाहेर आल्या. एकाला खरूज झाली होती. एका खोलीत जवळजवळ अंथरुणं, त्यामुळे ती सगळ्यांना फिरायची. त्याची ‘तब्येत’ म्हणजे ही खरूज, आणि ती सांगायची त्याला लाज वाटत होती. एकाच्या बापाचं सोयाबीन सलग दोन वर्षं गेलं आणि रानात हात कमी पडले. एकाचा आवाज फुटला. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो फुटतोच, पण हा चांगला गाणारा म्हणून पुढे उभा राहायचा, आणि एक दिवस पट्टीच लागेना. पोरं हसली. तो म्हणाला, “त्या दिवशीपासून मागं उभा राहिलो, मग एक दिवस आलोच निघून.” या कारणाचा उल्लेख मी वाचलेल्या कुठल्याच सिद्धान्तात नव्हता.

एक पथ्य मी पाळते : कुठला मुलगा कुठल्या संस्थेत होता ते लिहीत नाही. गाव लहान आहे. वय, वर्ष आणि संस्था एकत्र लिहिली की नाव लिहिल्यासारखंच होतं.

आणि ‘परत आलेला’ म्हणजे नापास असंही नाही. वर्षभरात परतलेला एक जण आज गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात मृदंगावर बसतो. त्याच्याशिवाय हरिपाठ उभा राहत नाही. दुसरा एक चारही वर्षं राहिला, पण परतल्यावर माळ खुंटीला अडकवली आणि पुण्याला कंपनीत लागला. यातला टिकलेला कोण? माझ्या पहिल्या आराखड्यात ‘टिकले’ आणि ‘गळाले’ असे दोनच रकाने होते. आता ते नाहीत. त्याऐवजी चार प्रश्न आहेत : किती दिवस राहिला, निघायचं कुणी ठरवलं, सोबत काय घेऊन आला, आणि गावानं त्याला काय म्हटलं.

गावानं काय म्हटलं

शेवटच्या प्रश्नात मीही आहे, म्हणून ते लपवत नाही.

माझा चुलतभाऊ सहावीत असताना आळंदीला गेला आणि दिवाळीच्या आत परत आला. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्याकडे कीर्तनकाराला आदरानं ‘महाराज’ म्हणतात, आणि आळंदीहून अर्ध्यात परतलेल्या पोरालाही ‘महाराज’च म्हणतात, फक्त हसून. “काय महाराज, आज कीर्तन कुठं?” शाळेत पोरं म्हणायची. घरात मी म्हणायचे. दोनेक वर्षं तरी म्हणत असेन. त्यानं गळ्यातली माळ कधी काढली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

क्षेत्रकार्य सुरू केल्यावर मी त्याच्याकडे रेकॉर्डर घेऊन गेले. घरचाच माणूस, सोपी मुलाखत, असा हिशेब. त्यानं चहा केला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “ताई, तवा इचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता मलाच नीट आठवत नाही, अन्‌ तू लिहून घेणार म्हटल्यावर मी नीटच सांगंन.”

मी रेकॉर्डर बंद केला. त्याची मुलाखत माझ्या प्रबंधात नाही. इथं एवढं लिहिलंय तेही त्याला वाचून दाखवून, त्याच्या होकारानं.

त्याच्या त्या दोन वाक्यांत पद्धतीचे दोन मोठे धडे आहेत. पहिला : मागे वळून सांगितलेली आठवण म्हणजे त्या वेळचा अनुभव नव्हे. मधली वर्षं तिला घडवतात. म्हणून आता मी नुकत्याच परतलेल्यांची आणि दहा वर्षांपूर्वी परतलेल्यांची कथनं वेगवेगळी ठेवते, एकत्र मोजत नाही. दुसरा : संशोधक गावचा असणं हा नुसता फायदा नसतो. मी ‘आतली’ आहे म्हणून दारं उघडतात, आणि त्याच कारणानं काही दारं कायमची बंद असतात, कारण ती लावण्यात माझाही हात होता. प्रबंधात संशोधकाच्या भूमिकेबद्दल एक प्रकरण असतं. ‘मी मराठवाड्यातली स्त्री आहे’ एवढं लिहून ते उरकू नका.

मूल समोर असेल तर

हा भाग घाईत वाचू नका. २०२५ च्या सुरुवातीला आळंदीतल्या काही खाजगी निवासी संस्थांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न बातम्यांत आला, आणि बेकायदा चालणाऱ्या संस्थांवर कारवाई करा अशी मागणी खुद्द आळंदीकरांनी केली. अशा क्षेत्रात १८ वर्षांखालच्या मुलाशी बोलायचं तर काही गोष्टी आधीच पक्क्या हव्यात.

संस्थाचालकाची परवानगी म्हणजे संमती नव्हे. पालकांची लेखी संमती हवी, आणि त्यावर मुलाचा स्वतःचा होकारही हवा. पालक ‘हो’ म्हणाले आणि मूल गप्प बसलं, तर ते ‘नाही’ धरायचं. मूल संस्थेतच असेल तर मुलाखत शिक्षकासमोर घेऊन उपयोग नाही, आणि दार लावून एकांतात घेणंही बरोबर नाही. जागा अशी हवी की दिसेल, पण ऐकू जाणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : मुलाला “तू काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधक त्याला अपवाद नाही. म्हणून सुरुवातीलाच मुलाला समजेल अशा भाषेत सांगायचं : “तुझं नाव मी कुठं लिहिणार नाही. पण तुला कुणी इजा करतंय असं मला कळलं, तर मदत मिळावी म्हणून मला ते सांगावं लागेल.” चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. हे सगळं विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या फॉर्मसाठी करायचं म्हणून करू नका. फॉर्म नसता तरी हे करायलाच हवं होतं.

तुमच्या आराखड्यासाठी

आता तुमच्या आराखड्याचं पहिलं पान उघडा आणि ‘मी कुणाशी बोलणार’ हा भाग वाचा. त्याखाली तीन ओळी लिहा.

माझ्या विषयातून निघून गेलेले लोक कोण? वसतिगृह सोडलेल्या मुली, बचत गटातून बाहेर पडलेल्या बायका, स्पर्धा परीक्षा सोडून गावी गेलेली पोरं. प्रत्येक विषयाला अशी माणसं असतात.

ते आज कुठल्या गावात, काय करत असतील?

आणि त्यांना तिथं काय म्हणतात?

तिसऱ्या ओळीचं उत्तर आलं नाही तर क्षेत्रकार्याला अजून सुरुवात करू नका. एसटीनं त्या गावी जा, चार दिवस राहा, नुसतं ऐका. माझा नवा आराखडा पहिल्यापेक्षा पाच पानांनी लहान झाला आणि एका बैठकीत मंजूर झाला.

परवा स्टँडवर पुन्हा एक पेटीवालं पोरगं दिसलं. त्याच्या आईनं मला ओळखलं आणि विचारलं, “तू आळंदीवरच शिकतीस ना? करमंल का गं याला?” प्रबंधाची दोनशे पानं लिहून झाल्यावरही याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणाले, “काकू, फोनवर त्यालाच विचारत जा, महाराजांना नको. आणि नाहीच करमलं अन्‌ आला परत, तर कुणाला त्याला हसू देऊ नका.”